पाठीला डबा न बांधताच

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाने लांबण लावली, मग आळस. पण परवा सकाळी फिरताना एक वाद झाला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून बसलो लिहायला. विषय कबड्डीचा आहे. ज्यांना खेळाचा कंटाळा त्यांनी आजचा लेख सोडून दिला तरी मी रागावणार नाही. पण घरात सोळा-सतरा वर्षांचं खेळणारं पोरगं असेल तर मात्र वाचाच.

आम्ही चार म्हातारे हर्सूल तलावाच्या बाजूला रोज सकाळी फिरतो. चौघांत मी एकटाच मास्तर, बाकीचे पेन्शनीतले वेगवेगळे नमुने. आदल्या रात्री कुठल्याशा संघाचा नवा पोरगा चढाईत चार वेळा धरला गेला होता. आमच्यातले एक (नाव घेत नाही, ते हा ब्लॉग वाचतात) म्हणाले, "सर, गडी खरा असला तर पहिल्याच हंगामात दिसतो. नाही दिसला तर दुसरा बघायचा. पाण्यात ढकलून दिल्याशिवाय का पोहायला येतं?"

बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. मला राग आला. राग आला की मला लगेच बोलता येत नाही, घरी आल्यावर सुचतं. ते सुचलेलं आता लिहितो.

पहिली गोष्ट, पाण्यात ढकलून पोहायला कुणीच शिकलेलं नाही. निदान आमच्या मराठवाड्यात तरी नाही. आम्ही विहिरीत शिकलो. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचे, नाहीतर वाळलेला भोपळा. आणि वरून उडी मारायच्या आधी एक काका किंवा थोरला भाऊ खाली पाण्यात उभा असायचा, हात पसरून. पुढे डबा लहान व्हायचा, मग भोपळा जायचा, मग एक दिवस काका पायरीवर बसून बिडी ओढत नुसते बघायचे. याला शिकवणं म्हणतात. नुसतं ढकलून दिलेली पोरंही होती आमच्या गावात. त्यातलं एक वर आलं नाही. त्याची गोष्ट कुणी पारावर सांगत बसत नाही. जे वर आले तेच म्हातारे होऊन सांगतात की आम्हाला बापाने ढकललं म्हणून आम्ही शिकलो.

आता जरा लांबून येतो. माझा पुतण्या अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. मागे इथे आला होता तेव्हा त्याने लॅपटॉपवर तिकडचं फुटबॉल दाखवलं. ते आपलं पायाने खेळायचं फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून धडका देण्याचं. पहिला अर्धा तास मला ती दंगलच वाटली. मग त्याने एका गड्यावर बोट ठेवलं. क्वार्टरबॅक. हल्ला करणाऱ्या अकरा जणांत चेंडू आधी याच्या हातात येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोचे पैलवान अंगावर धावत येतात आणि याने तीन-चार सेकंदांत ठरवायचं, कुणाकडे फेकायचा, किती लांब, की चेंडू छातीशी धरून खाली बसायचं. चुकलं तर सगळा संघ चुकला. पुतण्या म्हणाला, "काका, याला घडवायचं कसं यावर तिकडे वर्षभर भांडणं चालतात."

मग त्याने गोष्टी सांगितल्या आणि मी वहीत टिपून घेतल्या (जुनी सवय). ॲरन रॉजर्स नावाच्या पोराला ग्रीन बेच्या संघाने २००५ साली घेतलं आणि ब्रेट फार्व्ह या थोराच्या मागे तीन हंगाम बाकावर बसवलं. २००८ साली संघ त्याच्या हाती दिला. पुढे तो त्या खेळातला एक थोर गडी झाला. पॅट्रिक माहोम्सला कॅन्सस सिटीने २०१७ साली घेतलं, त्या वर्षी ॲलेक्स स्मिथच्या मागे ठेवून हंगामातला फक्त शेवटचा सामना खेळवला. दुसऱ्या वर्षी पोराने पन्नास टचडाउन फेकले. आणि पुतण्याच्या स्वतःच्या गावची गोष्ट याच्या उलटी. २००२ साली ह्यूस्टनचा नवा संघ उभा राहिला. त्यांनी सगळ्यात पहिली निवड केली डेव्हिड कार या पोराची आणि पहिल्या सामन्यापासून त्यालाच पुढे उभं केलं. त्याला सांभाळणारी फळी मात्र धड नव्हती. एका हंगामात त्या पोराला ७६ वेळा चेंडूसकट जमिनीवर पाडलं गेलं. हा आजही त्या खेळातला विक्रम आहे. ह्यूस्टनमध्ये तो पाच हंगाम होता. तेवढ्या काळात तो काय शिकला असेल तर पाडलं जायच्या आधी अंग चोरायला, असं पुतण्या म्हणाला.

मी मास्तर, म्हणून उलट बाजूही विचारली. ती पण निघाली. पेटन मॅनिंगला १९९८ साली पहिल्या दिवसापासून खेळवलं. त्याने २८ चेंडू शत्रूच्या हातात दिले, संघ सोळापैकी तीन सामने जिंकला. पण त्याला काढलं नाही, गोंधळ घालत त्याच्या आजूबाजूचे गडी बदलत बसले नाहीत. पुढच्या वर्षी तोच संघ तेरा सामने जिंकला. म्हणजे बाकावर बसवणं हा काही मंत्र नव्हे. खेळवा की बसवा, त्याच्याभोवती काय उभं केलंय ते सांगा. माझं भांडण त्यावरच आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. माझ्या मते आपला क्वार्टरबॅक म्हणजे कबड्डीतला चढाईपटू. आपल्याला चढाई दिसते ती उडी आणि लाथ म्हणून. पण बघा, तीस सेकंद आहेत, दम टिकवायचा आहे, निदान रेषा तरी ओलांडायचीच आहे, समोर सात जण हातात हात घालून उभे आहेत. सहा किंवा सात असतील तरच बोनस मिळतो. डावा कोपरा आज पुढे सरकून उभा आहे की मागे, मध्यरक्षक घाईत आहे की वाट बघतोय, आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या आहेत का? गेल्या असतील तर तिसरी करा किंवा मरा, रिकाम्या हाताने परतलं तर बाहेर. एवढं गणित पोराने धावता धावता करायचं असतं, आणि श्वास घ्यायला तर बंदीच.

त्यात आणखी एक गोम आहे जी आमच्या फिरायच्या मित्रांच्या लक्षात येत नाही. बाहेर गेलेले गडी ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने आत येतात. तुमचा एकच चढाईपटू असेल आणि तो धरला गेला, तर तो तिकडे बाकावर बसलेला आणि इकडे चढाईला जातोय एखादा कोपरारक्षक, ज्याचं ते कामच नाही. तो जातो, तोही धरला जातो. दोन मिनिटांत लोण. आणि मग दुसऱ्या दिवशी पेपरात येतं की अमुक पोरगा दडपणाखाली ढेपाळला. पोरगा काय ढेपाळला? तुम्ही त्याच्यामागे दुसरा माणूसच ठेवला नव्हता!

उदाहरण देतो, आपल्याच माणसाचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई. २०१८ साली यू मुम्बाकडून प्रो कबड्डीत उतरला आणि पहिल्याच हंगामात चढायांचे २१८ गुण घेतले. यू मुम्बाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं होतं. पुढच्या लिलावात, २०१९ साली, तेलुगू टायटन्सने एक कोटी ४५ लाख मोजले. त्याने त्या हंगामातही २१७ गुण घेतले. म्हणजे पोरगा एका गुणाने कमी पडला, फक्त एका! तरी संघ तळाकडेच राहिला. मग २०२१-२२चा हंगाम आला, सुरुवातीच्याच सामन्यांत सिद्धार्थचा खांदा दुखावला आणि तो बाहेर बसला. त्या वर्षी टायटन्स २२ सामन्यांपैकी एक जिंकले. एक.

दुखापत कुणालाही होते, त्याचा दोष मी कुणाला देत नाही. पण एक खांदा गेला आणि आख्खा संघ गेला, याचा अर्थ तो संघ नव्हताच, तो एक खांदा होता. आणि ज्या पोराला माहीत असतं की आपण बसलो की सगळं संपलं, तो दुखतंय हे सांगतो का कधी? मी पस्तीस वर्षं वर्गात काढली आहेत. हुशार पोरगं कधीही सांगत नाही की मला बरं वाटत नाही. ढ पोरगं सांगतं.

आता दुसरा. नगर जिल्ह्यातला (आताचं अहिल्यानगर) अस्लम इनामदार. पुणेरी पलटणने युवा पलटण म्हणून पोरांची एक फळी तयार केली, त्यातून हा वर आला. २०२१-२२च्या हंगामात संघात राहुल चौधरी, नितीन तोमर अशी मोठी नावं होती आणि प्रशिक्षक होता अनुप कुमार, ज्याने स्वतः चढाईची अक्कल लोकांना शिकवली. हळूहळू चढायांचा भार अस्लम आणि मोहित गोयतवर गेला. लक्षात घ्या, दोघांवर. पुढच्या हंगामात बी. सी. रमेश प्रशिक्षक, कर्णधार इराणचा फझल अत्राचली. पलटण अंतिम सामन्यात गेली, जयपूरकडून २९-३३ हरली. कुणी आरडाओरडा करून पोरांना काढलं नाही. त्याच्या पुढच्या हंगामात अस्लमला कर्णधार केलं. मोहित होताच, पंकज मोहिते होता, आकाश शिंदे होता, आणि मागे बचावाला मोहम्मदरेझा शादलू नावाची भिंत. १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरयाणाला २८-२५ हरवून पलटण पहिल्यांदा जिंकली. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू अस्लम ठरला, पण अंतिम सामन्यात सर्वाधिक गुण घेतले पंकज मोहितेने. हे वाक्य मी मुद्दाम परत लिहिणार होतो, पण राहू दे, तुम्ही परत वाचा.

(त्या दिवशी समोर हरयाणाच्या संघात सिद्धार्थ देसाई होता. मला उगीच वाईट वाटलं.)

आमचे मित्र इथे म्हणतील, "मग प्रदीप नरवालचं काय? एकट्याने पाटण्याला तीन वेळा जिंकून दिलं." बरोबर आहे. २०१७च्या एका हंगामात ३६९ गुण, असा चढाईपटू पुन्हा होईल की नाही देव जाणे. पण हाच प्रदीप २०१५ साली पहिल्यांदा आला तो बंगळुरूकडून, आणि तिथे त्याला फारसं काही करता आलं नव्हतं. बंगळुरूने सोडला. पाटण्याने घेतला आणि ओळीने तीन विजेतेपदं घेतली. "खरा गडी पहिल्याच हंगामात दिसतो" म्हणणाऱ्यांनी या माणसाचं नाव तरी घेऊ नये.

अस्लमचंही पुढे सगळं सोन्याचं झालं असं नाही. २०२४च्या हंगामात त्याचा गुडघा दुखावला आणि पलटण पहिल्या सहांत आली नाही. २०२५ला परत अंतिम सामन्यात गेली, दिल्लीकडून २८-३१ हरली. म्हणजे नीट घडवलं तरी दुखापत होते, हार होते. पण कर्णधाराचा गुडघा गेल्यावर वर्षभरात परत अंतिम सामना खेळणारा संघ आणि २२त एक जिंकणारा संघ यातला फरक नशिबाचा नाही.

तरी प्रो कबड्डीवाल्यांकडे डॉक्टर आहे, मालिश करणारा आहे, मॅट आहे. माझा खरा राग त्यांच्यावर नाहीच. खरा राग आहे तो आपल्या गावोगावच्या स्पर्धांवर. दिवाळीनंतर सुरू होतात. रात्रीचे दिवे, वर्गणी, पहिलं बक्षीस मोटारसायकल, फ्लेक्सवर गल्लीतल्या सगळ्या दादांचे फोटो. एखादा पोरगा जरा चमकला की तीन मंडळं त्याला उसना नेतात. शुक्रवारी फुलंब्रीकडे, शनिवारी सिल्लोडकडे, रविवारी परत इकडे. रात्री दीडला अंतिम सामना. पोराला हातावर पाचशे रुपये आणि वडापाव. मोजतो कुणी, त्याने तीन दिवसांत किती चढाया केल्या? क्रिकेटमध्ये इंग्लंडच्या मंडळाने लहान वयाच्या वेगवान गोलंदाजांना दिवसाला किती षटकं टाकू द्यायची याचे नियम करून ठेवले आहेत, वयाप्रमाणे. आमच्याकडे चढाईचा हिशोब फक्त गुणांचा ठेवतात.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने का लिहितोय? सांगतो. सांगावंच लागेल.

१९८४ साली मी ज्या शाळेत होतो (नाव लिहीत नाही) तिथे खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती. मी मराठीचा मास्तर, बी.ए. झालेला, पण तरुण आणि उत्साही म्हणून कबड्डीचा संघ माझ्या गळ्यात मारला. मला कबड्डी कळत होती ती गावात खेळलो तेवढी. संघात नववीतला एक पोरगा होता. अंगाने काटक, पण पाय असा जायचा की समोरच्याला कळायच्या आत गडी बाद. मी काय केलं? चढाईला तोच. पुन्हा तोच. दुसऱ्या पोरांनी "सर, मी जाऊ?" विचारलं तर मी म्हणायचो, थांब, आत्ता गुण हवेत. एका दिवसात तीन सामने. तिसऱ्याच्या आधी पोरगा गुडघा चोळत बसलेला मी पाहिला होता. पाहिला होता, हे लिहिताना आजही हात थांबतो. मी विचारलं, "जमेल ना?" तो म्हणाला, "जमेल सर."

मुरमाड जमीन. शेवटच्या पाच मिनिटांत साखळीत सापडला, अंगावर तिघं. आवाज मला आला.

आम्ही जिंकलो त्या दिवशी. ढाल शाळेच्या ऑफिसात बरीच वर्षं होती. पोराला आधी हाडवैद्याकडे नेलं, मग उशिरा घाटीत. पुन्हा काही तो खेळला नाही. शाळेतल्या कुणी मला बोल लावला नाही, उलट हेडमास्तरांनी सत्कार केला. नारळ आणि टोपी. आज तो जळगाव रोडला पंक्चरचं दुकान चालवतो. जरा लंगडतो. मला बघितलं की उठून उभा राहतो, आणि उठताना त्याला त्रास होतो, म्हणून मी हल्ली त्या बाजूने जायचं टाळतो. तर असा मी शूर.

परवा तोच घरी आला. धाकट्या मुलाला घेऊन. मुलगा सतरा वर्षांचा, बापासारखाच काटक. बसला, पाणी घेतलं, म्हणाला, "सर, याला तीन मंडळांनी बोलावलंय. पंधरा दिवसांत चार स्पर्धा. म्हणतात पुढे मोठ्या संघाची निवड करणारे बघायला येतात. पाठवू का?"

मी पोराला विचारलं, तुमच्या संघात दुसरा चढाईला कोण जातं? तो म्हणाला, "कोणी नाही सर, मीच."

"आणि तू धरला गेलास तर?"

"मग हरतो."

बाप माझ्याकडे बघत होता. तो मला सर म्हणतो, पण त्या क्षणी परीक्षा माझी होती आणि ती तो घेत नव्हता, हे आणखी अवघड. एवढ्या वर्षांत तो एकदाही त्या गुडघ्याबद्दल बोललेला नाही. मीही नाही.

मी म्हणालो, "अरे, एका स्पर्धेला पाठव. जिथे दुसरा चढाईवाला असेल तिथेच. आणि जायच्या आधी त्यांना सांग, एका दिवसात दोनच्यावर सामने नाहीत."

तो म्हणाला, "असं सांगितलं तर घेणार नाहीत सर."

"नाही घेतलं तर नाही."

पोराचा चेहरा पडला. सतरा वर्षांच्या पोराचा पडणारच. त्याला वाटलं असणार, म्हातारा मोडता घालतोय. बाप काही बोलला नाही, पोराच्या पाठीवर हात ठेवून उठला, तसाच, जमिनीला हात टेकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मी आमच्या चौघांत सांगितलं, तर ते मित्र म्हणाले, "सर, पोराची संधी घालवलीत तुम्ही." घालवली असेलही. अजून त्या मंडळांचा निरोप आलेला नाही. आला की तो बापाला सांगेल आणि बाप मला सांगायला येईल. या वेळी मीच जाईन म्हणतो दुकानावर, त्याला उठायला लागू नये म्हणून.